बाळाच्या नावचे अडीचशे पाउंड

वीसेक वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये मूल जन्माला आलं की काही दिवसांनी घरी एक सरकारी पाकीट यायचं. त्यात बाळाच्या नावाचं 250 पाउंडांचं व्हाउचर असायचं. बेताच्या मिळकतीचं घर असेल तर आणखी 250 पाउंड सरकार मागाहून परस्पर खात्यात भरायचं. हे व्हाउचर रोख वटत नसे. ते घेऊन बँकेत, बिल्डिंग सोसायटीत किंवा गुंतवणूक कंपनीत बाळाचं खातं उघडायचं आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्या पैशाला कुणीही हात लावायचा नाही, अशी अट होती. योजनेचं नाव चाइल्ड ट्रस्ट फंड. 1 सप्टेंबर 2002 ते 2 जानेवारी 2011 या काळात जन्मलेल्या मुलांची अशी सुमारे 63 लाख खाती उघडली गेली.

या मुलांपैकी थोरली आता कमावती झाली आहेत, धाकटी अजून शिकताहेत. धाकट्यांच्या आईवडिलांपुढे एक प्रश्न असतो. पैसे जुन्या चाइल्ड ट्रस्ट फंडातच राहू द्यायचे, की ज्युनिअर आयसा नावाच्या नव्या खात्यात वर्ग करायचे? दोन्ही खाती करमुक्त आहेत. कर कुठेच लागणार नसेल तर खातं हलवण्याचा खटाटोप कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण कराच्या बाबतीत दोन्ही खाती सारखीच असल्यामुळे हा निर्णय कराकडे बघून घ्यायचाच नसतो. शुल्क किती, पैसा कशात गुंतवला आहे आणि अठरावं वर्ष किती लांब आहे, या तीन गोष्टींवर तो ठरतो.

योजना आली आणि गेली

गरीब घरांना दरमहा मदत देणं पुरेसं नाही, त्यांच्या गाठीला थोडी पुंजीही हवी, असा विचार अमेरिकी अभ्यासक मायकेल शेराडन यांनी 1991 मध्ये ‘ॲसेट्स अँड द पुअर’ या पुस्तकात मांडला. हातात पुंजी असली की माणूस पुढच्या वर्षांचा विचार करू लागतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने ही कल्पना उचलली. 2001 मध्ये प्रस्ताव आला, 2004 मध्ये कायदा झाला आणि एप्रिल 2005 पासून खाती सुरू झाली. प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षी शिक्षणासाठी, घराच्या अनामत रकमेसाठी किंवा छोट्या धंद्यासाठी काही ना काही हाताशी असावं, हा हेतू. मूल सात वर्षांचं झालं की सरकार पुन्हा एक हप्ता भरणार होतं, आणि 2009 मध्ये ते हप्ते सुरूही झाले.

पण तोवर जागतिक मंदी आली होती आणि 2010 मध्ये सत्ताबदल झाला. नव्या आघाडी सरकारने काटकसरीची कुऱ्हाड चालवली ती आधी याच योजनेवर. ऑगस्ट 2010 पासून जन्माच्या वेळचे 250 पाउंड 50 वर आले, सातव्या वर्षाचा हप्ता बंद झाला आणि 2 जानेवारी 2011 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी योजनाच उरली नाही. तिच्या जागी 1 नोव्हेंबर 2011 ला ज्युनिअर आयसा आलं. त्यात सरकार एक पेनीही घालत नाही. खातं करमुक्त, पैसे मात्र घरच्यांचे.

इथेच एक विचित्र गाठ बसली. ज्या मुलाचं चाइल्ड ट्रस्ट फंड आहे त्याला ज्युनिअर आयसा उघडता येत नव्हतं आणि जुनं खातं नव्यात वर्गही करता येत नव्हतं. म्हणजे 63 लाख मुलं अशा योजनेत अडकली, जिच्यात नवं गिऱ्हाईक येणं बंद झालं होतं. नवं गिऱ्हाईक येत नसेल तर बँकेने व्याज वाढवायचं कुणासाठी? फंड कंपनीने शुल्क कमी करायचं कशाला? स्पर्धा सगळी ज्युनिअर आयसाकडे गेली. रोख ठेवीवर चांगला दर हवा असो वा फंडांची मोठी यादी, ती नव्या खात्यांना मिळू लागली आणि जुन्यांची आबाळ झाली. पालकांनी आणि बचत क्षेत्रातल्या लोकांनी आवाज उठवल्यावर 6 एप्रिल 2015 पासून वर्ग करण्याची मुभा मिळाली.

करमुक्त दोन्हीकडे

मुलाच्या बचतीवर ब्रिटनमध्ये एरवी तरी कर कुठे लागतो? मुलालाही मोठ्यांसारखीच वर्षाला 12,570 पाउंडांपर्यंत वैयक्तिक करसवलत आहे. एवढं व्याज कुठल्या शाळकरी पोराला मिळतं? पण कायद्यात एक खोच आहे. आईने किंवा वडिलांनी दिलेल्या पैशावर मुलाच्या साध्या खात्यात वर्षाला 100 पाउंडांपेक्षा जास्त व्याज झालं, तर ते सगळं व्याज त्या पालकाचं उत्पन्न धरलं जातं. समजा वडिलांनी मुलीच्या साध्या बचत खात्यात 4,000 पाउंड ठेवले आणि दर 4 टक्के आहे. व्याज होईल 160 पाउंड. ते मुलीच्या नावावर जमा झालं तरी करखातं वडिलांच्या नावावर मोजणार. आजीआजोबांनी दिलेल्या पैशाला हा नियम लागत नाही. आपल्या उत्पन्नावरचा कर चुकवायला आईबापांनी पैसा मुलांच्या नावावर ठेवू नये, यासाठी ही तजवीज आहे.

चाइल्ड ट्रस्ट फंड आणि ज्युनिअर आयसा दोन्ही या नियमाच्या कक्षेबाहेर आहेत. व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला नफा, कशावरच कर नाही. वर्षाला भरायची मर्यादाही दोन्हींत 9,000 पाउंडच. फरक इतकाच की चाइल्ड ट्रस्ट फंडाचं वर्ष मुलाच्या वाढदिवसापासून मोजतात आणि ज्युनिअर आयसाचं 6 एप्रिलपासून, म्हणजे ब्रिटनच्या करवर्षाप्रमाणे. वर्ग होऊन आलेली जुनी शिल्लक नव्या खात्याच्या 9,000 मध्ये धरत नाहीत. 12,000 पाउंड वर्ग झाले तरी त्या वर्षी आणखी 9,000 भरायची मोकळीक राहतेच.

शुल्काची आकडेमोड

चाइल्ड ट्रस्ट फंड तीन प्रकारचे होते: रोख ठेवीचे, शेअरचे आणि स्टेकहोल्डर. स्टेकहोल्डर प्रकारात पैसा मुख्यतः शेअर बाजारात जातो, मात्र त्यावर सरकारी नियमांचं कुंपण असतं. शुल्क वर्षाला दीड टक्क्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मूल 13 वर्षांचं झालं की पैसा हळूहळू शेअरमधून काढून रोखे आणि रोख रकमेकडे वळवावा लागतो, म्हणजे अठराव्या वाढदिवसाच्या तोंडावर बाजार कोसळला तरी सगळी पुंजी त्यात सापडू नये.

दीड टक्क्याची कमाल मर्यादा गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी होती. पण वर्षं गेली, साधे इंडेक्स फंड फार स्वस्त झाले आणि बऱ्याच जुन्या खात्यांचं शुल्क मात्र त्या मर्यादेलाच चिकटून राहिलं. खात्यात 2,000 पाउंड असतील तर दीड टक्क्याने वर्षाला 30 पाउंड जातात. सगळा खर्च धरून अर्धा टक्का घेणाऱ्या ज्युनिअर आयसामध्ये 10 जातील. हा फरक किरकोळ वाटेल. पण खात्यात 10,000 पाउंड असले तर तेच आकडे 150 आणि 50 होतात, आणि ते दरवर्षी कापले जातात.

शुल्क टक्क्यांत नसून ठोक असेल तर गणित उलटतं. एखादी कंपनी महिन्याला 3 पाउंड घेत असेल तर वर्षाचे 36 झाले. 10,000 च्या खात्यावर हे टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतं, म्हणजे स्वस्तच. पण 2,000 च्या खात्यावर तेच 1.8 टक्के होतं, जुन्या खात्यापेक्षाही महाग. म्हणून आधी शिल्लक बघावी, मग शुल्क. शिवाय शुल्क एकाच जागी नसतं. फंडाचं वेगळं, खातं सांभाळणाऱ्या कंपनीचं वेगळं, कधी खरेदी-विक्रीचं आणखी वेगळं. तिन्हींची बेरीज केल्याशिवाय तुलना खरी होत नाही.

रोख ठेवीच्या खात्यात हिशोब सोपा. जुन्याचा व्याजदर आणि नव्याचा व्याजदर शेजारी मांडायचे. जुन्या खात्यांत नवं गिऱ्हाईक येत नसल्याने बहुतेकदा नव्याचाच दर जास्त दिसतो. मग थांबण्याचं कारण उरत नाही.

शेअरच्या बाबतीत मात्र खातं हलवण्याबरोबर एक जबाबदारीही डोक्यावर येते. स्टेकहोल्डर खात्यात तेराव्या वर्षापासून पैसा आपोआप सुरक्षित बाजूला सरकत होता. ज्युनिअर आयसाच्या नियमांत असं बंधन नाही. पालकांनी पूर्ण शेअरचा फंड निवडला तर मूल सतरा वर्षं अकरा महिन्यांचं असतानाही पैसा पूर्ण शेअरमध्येच असेल. काहींना हे हवंच असतं, कारण अठराव्या वर्षी पैसे काढायचा विचार नसतो. पण ज्यांना कॉलेजची फी त्यातून भरायची आहे, त्यांनी शेअर कमी करण्याचं काम स्वतः लक्षात ठेवून करायला हवं. रोखे म्हणजे निर्धास्तपणा असंही नाही. 2022 मध्ये व्याजदर झपाट्याने वाढले तेव्हा ब्रिटिश सरकारी रोख्यांच्या किमती जबर घसरल्या, आणि ‘सुरक्षित’ बाजूला आणून ठेवलेल्या पैशालाही फटका बसला. वर्षभरात लागणारा पैसा रोख ठेवीतच बरा.

खातं वर्ग करताना

सुरुवात वार्षिक विवरणपत्रापासून होते. चाइल्ड ट्रस्ट फंडाचं विवरणपत्र मुलाच्या वाढदिवसाच्या सुमारास येतं. त्यावर चार गोष्टी शोधायच्या: खात्याचा प्रकार, आजची शिल्लक, वर्षभराचं शुल्क आणि ‘युनिक रेफरन्स नंबर’ या नावाचा मुलाचा ओळखक्रमांक. शुल्काचा आकडा बऱ्याचदा पहिल्या पानावर नसतो, फंडाच्या माहितीपत्रकात दडलेला असतो. तो मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग नवी कंपनी किंवा बँक निवडायची. सगळ्याच ज्युनिअर आयसावाल्या कंपन्या चाइल्ड ट्रस्ट फंडातून आलेले पैसे स्वीकारत नाहीत, तेव्हा हे आधी विचारून घ्यावं. अर्ज नव्या ठिकाणी करायचा असतो. त्यात मुलाचं नाव आणि जन्मतारीख, जुन्या कंपनीचं नाव, खाते क्रमांक, तो ओळखक्रमांक आणि सही. पुढचं काम नवी कंपनी जुन्या कंपनीकडून करून घेते. पैसे आपण काढून आपण भरायचे नाहीत, आणि काढताही येत नाहीत. अठरा पूर्ण होण्यापूर्वी पैसे हातात पडण्याचा मार्ग जवळजवळ नाहीच. मूल असाध्य, प्राणघातक आजाराने ग्रस्त असेल तर तेवढा अपवाद.

सही कुणाची चालते, हा कळीचा मुद्दा. प्रत्येक खात्याला एकच ‘रजिस्टर्ड कॉन्टॅक्ट’ असतो, म्हणजे कारभार पाहणारी व्यक्ती, बहुधा आई किंवा वडील. खातं आईच्या नावाने नोंदवलेलं असेल तर वडिलांची सही चालत नाही. आजोबांनी वर्षानुवर्षं पैसे भरले असतील तरी त्यांना खातं हलवता येत नाही. मूल सोळाचं झालं की हा कारभार ते स्वतःकडे घेऊ शकतं. मग निर्णय त्याचा.

आणखी दोन अटी आहेत. एक, खातं पूर्णच वर्ग करावं लागतं. अर्धे पैसे इकडे, अर्धे तिकडे असं चालत नाही, आणि वर्ग होताच जुनं खातं बंद होतं. दोन, ही वाट एकेरी आहे. ज्युनिअर आयसामधून परत चाइल्ड ट्रस्ट फंडात जाता येत नाही. मात्र ज्युनिअर आयसामध्ये आल्यावर एक रोख ठेवीचं आणि एक शेअरचं अशी दोन खाती ठेवता येतात. शेअरचं खातं हलवताना जुने युनिट बहुधा विकले जातात, पैसे जातात आणि नव्या कंपनीकडे पुन्हा खरेदी होते. मधले काही दिवस पैसा बाजाराबाहेर असतो. त्यात भाव चढले तर तोटा, उतरले तर फायदा. हे आपल्या हातात नाही, पण माहीत असावं.

थांबलेलं बरं कधी?

मुलाला अठरा पूर्ण व्हायला चार-सहा महिनेच असतील तर धावपळ करण्यात अर्थ नाही. अठराव्या वाढदिवशी खातं परिपक्व होतं आणि तेव्हा मूल तेच पैसे थेट मोठ्यांच्या आयसामध्ये नेऊ शकतं. मोठ्यांच्या आयसाची वार्षिक मर्यादा 20,000 पाउंड आहे, आणि परिपक्व खात्यातून वर्ग झालेली रक्कम तिच्यात मोजत नाहीत. त्याआधी सहा महिन्यांसाठी ज्युनिअर आयसा उघडलं तर एकाऐवजी दोनदा कागद रंगवावे लागतात.

शिल्लक अगदी थोडी असेल आणि नवीकडे ठोक शुल्क असेल, तरीही जुनंच बरं. जुनं खातं स्वस्त आणि फंड ठीक असेल तर केवळ ‘नवं ते चांगलं’ म्हणून हलवू नये.

विसरलेली खाती

या योजनेतली खरी गळती शुल्कापेक्षा विस्मरणामुळे झाली. वर्षभरात व्हाउचर वापरलं नाही तर ब्रिटनचं करखातं, एचएमआरसी, स्वतःच मुलाच्या नावाने स्टेकहोल्डर खातं उघडून द्यायचं. अशी जवळपास 18 लाख खाती आहेत. काही घरांनी पत्र उघडलंच नाही, काहींनी घर बदललं, काहींना हे आपल्यासाठी आहे हेच कळलं नाही. मदतीची सगळ्यात जास्त गरज असलेल्या घरांत हे जास्त घडलं. सप्टेंबर 2020 पासून खाती परिपक्व होऊ लागली. त्यानंतर चार वर्षांनी एचएमआरसीने सांगितलं की 6 लाख 70 हजारांहून जास्त तरुणांनी पैसे नेलेले नाहीत, आणि प्रत्येकाचे सरासरी 2,212 पाउंड पडून आहेत.

पडून असलेला पैसा बुडत नाही, करमुक्तही राहतो, पण त्यावरचं शुल्क चालूच राहतं. खातं कुठे आहे हे एचएमआरसीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. त्यासाठी नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, आणि तो मुलांना सोळाव्या वर्षाच्या सुमारास पत्राने येतोच. ‘द शेअर फाउंडेशन’ ही संस्थाही विनामूल्य मदत करते. अनाथ किंवा सरकारी देखरेखीखालच्या मुलांची खाती ती सांभाळते. पैसे घेऊन खातं शोधून देणारे मध्यस्थही निघाले आहेत. काहीजण रकमेचा चौथा हिस्सा मागतात, असा इशारा एचएमआरसीने दिला आहे. जे काम पाच मिनिटांत फुकट होतं त्याचे 500 पाउंड देणं म्हणजे शुद्ध नुकसान.

एका गटाचा त्रास यापेक्षा मोठा. बौद्धिक अक्षमतेमुळे अठरानंतरही ज्यांना स्वतः व्यवहार करता येत नाहीत अशा मुलांच्या आईवडिलांना, पैसे काढण्यासाठी सहसा ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’ या न्यायालयाकडे जावं लागतं. अशा घरांनी अठराव्या वर्षाची वाट न बघता आधीच अर्ज करणं चांगलं.

मराठी घरांसाठी

2000 च्या दशकात पुण्या-मुंबईहून कामानिमित्त ब्रिटनला गेलेल्या अनेक घरांत तिथे मुलं जन्मली. पण सगळ्यांनाच ते पाकीट मिळालं असं नाही. चाइल्ड ट्रस्ट फंडासाठी मुलाला चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता मिळणं आवश्यक होतं, आणि ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधीचा लाभ मिळणार नाही असा शेरा होता त्यांना ते बहुधा मिळत नसे. ज्युनिअर आयसाला ती अट नाही. मूल ब्रिटनमध्ये राहत असावं आणि त्याचं चाइल्ड ट्रस्ट फंड नसावं, एवढंच.

ज्यांना व्हाउचर मिळालं आणि जे नंतर भारतात परतले, त्यांच्या मुलांचं खातं तिकडे चालूच आहे. इथे मात्र ‘करमुक्त’ या शब्दाला मर्यादा पडते. ती सूट ब्रिटिश कायद्याने दिली आहे, भारताच्या आयकर खात्यावर ती बंधनकारक नाही. कराच्या दृष्टीने पूर्णपणे भारतीय रहिवासी झाल्यावर परदेशातलं उत्पन्नही इथे करपात्र होतं, अज्ञान मुलाचं असं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याची मिळकत जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं, आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता जाहीर करावी लागते. परतलेल्या घरांनी हे आपल्या सीएला आठवणीने सांगावं.

‘खातं वर्ग करणं’ आपल्याकडेही रोजचं आहे. सुकन्या समृद्धी किंवा पीपीएफचं खातं पोस्टातून बँकेत नेता येतं. पण तिथे फक्त टेबल बदलतं. योजना तीच, व्याजदरही तोच, कारण तो सरकार ठरवतं. ब्रिटनमध्ये खातं हलवताना योजना, शुल्क, गुंतवणूक आणि जोखीम, सगळंच बदलू शकतं. म्हणून तिथे प्रश्नही जास्त विचारावे लागतात.

शेवटचं चाइल्ड ट्रस्ट फंड 2 जानेवारी 2029 ला परिपक्व होईल. तोपर्यंत ज्यांचं मूल सोळाच्या पुढे गेलं आहे त्यांनी एक गोष्ट जरूर करावी. यंदाचं विवरणपत्र मुलाला बरोबर घेऊन वाचावं, शिल्लक आणि शुल्क त्यालाच शोधायला लावावं, आणि वर्ग करायचं की नाही हे त्याच्याशी बोलून ठरवावं. कायद्याने पैसे पहिल्या दिवसापासून त्याचेच आहेत, आणि अठराव्या वाढदिवसानंतर त्यांचं काय करायचं हे ठरवताना त्याला कुणाची परवानगी लागणार नाही.